नदीपलीकडची कोल्हीण

तो खेळ आता बंद झाला आहे. ज्या कंपनीचा होता तिनं एक दिवस तो बंद केला, आणि त्यातली नदी, नदीचे दोन काठ, पीचची गुलाबी झाडं, चंद्रावरचा ससा, सगळं एकदम गेलं. गावात घर पडलं तरी जोतं राहतं. इथं तेही राहिलं नाही. मला मात्र ती नदी अजून वळणांसकट आठवते, कारण तिच्या पलीकडच्या काठावर माझी ताई उभी असायची.

मी बऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीची. घरी केळीची बाग. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. ताई माझ्याहून मोठी. ती दहावी झाली तेव्हा मुलींना पुढं शिकायला बऱ्हाणपूरला पाठवायची आमच्या घरात रीत नव्हती. माझ्या वेळेला ती रीत झाली, कारण ताई रोज चुलीपाशी बसून बाबांशी भांडली. "मला नाही पाठवलं, तिला पाठवा," एवढंच तिचं म्हणणं. आम्हाला भाऊ नाही, तेव्हा भांडायचं कामही तिच्याकडेच होतं.

मी कॉलेजात गेले आणि ताईचं लग्न झालं, सुरतेला. सासर आपलंच, खानदेशातलं. कापडाच्या कामासाठी तिकडं जाऊन स्थायिक झालेलं. लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगत होती, "सुरत काही लांब नाही. आपल्या तापीच्याच काठावर आहे." खोटं नव्हतं ते. बऱ्हाणपूरच्या घाटावरून जातं तेच पाणी पुढं सुरतेला पोचतं. पण ते तिकडून परत येत नाही, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि चार दिवस त्या मुलींना कुणी काम सांगत नाही. त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, बहुतेक भाऊच. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय मुलगी स्वतः पिशवी उचलून येत नाही. तसं आलं तर लोक म्हणतात, हाकलली वाटतं.

पहिल्या आखाजीला भाऊ नाही म्हणून बाबा स्वतः गेले. खांद्यावर केळीचा घड घेऊन गेले आणि मोकळ्या खांद्यानं एकटेच परत आले.

"दिवसभर खाटेवर बसवलं," ते ओट्यावरच चपला न काढता म्हणाले. "सांजच्याला म्हने, घरात कामाला मानूस नाही, पुढल्या वर्षी पाठवू. पुढल्या वर्षी! मी काय विरजन मागाया गेलो होतो?"

"पण जेवलात तरी का?" आई म्हणाली.

"पान्यालासुद्धा शिवलो नाही. आता त्या दारात पाय ठेवनार नाही मी."

बाबा बोलले की बोलले. म्हणजे पुढल्या वर्षी मुराळी जाणार कोण, हा प्रश्नच उरला नाही. कुणीच जाणार नव्हतं.

ताईचा फोन यायचा, पण फोन सासूबाईंचा, आणि तो भरल्या बैठकीत. मी काहीही विचारलं तरी तिकडून एकच उत्तर. बरी आहेस का? हो. जेवलीस का? हो. आठवण येते का? हो. कधीकधी मी मुद्दाम विचारायची, "सासूबाई मिशा ठेवतात का?" आणि ताई तितक्याच शांतपणे म्हणायची, "हो." मग तिचा श्वास हसू दाबताना अडकलेला ऐकू यायचा. तेवढंच आमचं बोलणं.

दिवाळीनंतर एकदा बैठकीत कुणी नसावं. ताई घाईघाईनं म्हणाली, "दुपारी मी जंगलात जाते."

"कुठल्या जंगलात? सुरतेला?"

"भावजींच्या कॉम्प्युटरातल्या. त्यांच्यासाठी झाडपाला गोळा करते."

तिचा धाकटा दीर साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायचा. मोकळ्या वेळात त्यावरच तो एक ऑनलाइन खेळ खेळायचा. चीनकडच्या दंतकथांवर रचलेलं ते एक अख्खं जग होतं, जिथं देशोदेशीचे लोक एकाच वेळी यायचे. त्यात तलवारीला धार लावायची तर औषधी पाला लागतो, आणि पाला एकेक करून वेचावा लागतो. दिराला तेवढा वेळ नव्हता. दुपारी तो कारखान्यात. मग त्यानं वहिनीला कॉम्प्युटर लावायला शिकवलं, तिच्यासाठी एक पात्र तयार केलं आणि म्हणाला, "वहिनी, भांडी झाली की माझ्यासाठी जरा पाला खुडून ठेवत जा ना."

म्हणजे स्वर्गात जाऊनही माझ्या बहिणीला निंदणी-खुडणीच. मी फोनवर हे म्हटलं तर तिकडून उत्तर आलं, "हो." बैठकीत कुणीतरी आलं होतं.

मी खेळाचं आणि तिच्या पात्राचं नाव लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर बऱ्हाणपूरच्याच लालबागला स्टेशनकडच्या सायबर कॅफेत गेले. दुपारी तिथं गर्दी नसायची. प्लायवूडची खोकी, जाडे मॉनिटर, भिंतीवर जुनी पोस्टरं. मालक तरुण होता आणि प्रत्येकीला दीदी म्हणायचा. मी खेळाचं नाव सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "दीदी, लडकियां तो यहां रिझल्ट देखने आती हैं."

"रिझल्टही बघीन," मी म्हटलं. "आधी हे लावून दे."

पात्र निवडायचं होतं. सुंदर सुंदर बायका होत्या, पिसांच्या पोशाखातल्या. मी तलवारवाला पुरुष घेतला. घरात भाऊ नव्हता, तर इथं तरी असू दे, असं मनात आलं, दुसरं काही नाही. मग ताईला संदेश पाठवला. त्या काळात आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो, आणि ताईचं इंग्रजी अक्षर-अक्षर जुळवत चालायचं, त्यामुळे तिचं वाक्य यायला वेळ लागायचा. आधी "कोण" आलं. मी लिहिलं, "तुझा भाऊ." मग आलं, "मिशा ठेवतात. हो."

मी त्या खोक्यात एकटीच मोठ्यानं हसले. लग्नानंतर ताईनं पहिल्यांदा माझ्याशी थट्टा केली होती.

ताई कोल्हीण होती. त्या लोकांच्या गोष्टींत कोल्हीण तपश्चर्या करत जाते तसतशा तिला शेपट्या फुटतात, नऊ झाल्या की ती माणसांहून वरची होते. ताईला एकच होती. ती लिहायची, "लग्नाआधी तर एकही नव्हती. सासरी आले आणि फुटली." आमच्या बागेत कोल्हे येतात ते चोरून, आणि बाबा त्यांना दगड मारतात. तिकडं त्यांना देव्हाऱ्यात बसवतात, हे आम्हा दोघींना फार आवडलं.

पण भेट होईना. कोल्हिणींचा मुलूख नदीच्या त्या काठाला आणि माणसांचा या काठाला. नदी आकाशातली, चांदण्यांची. आपण रात्री अंगणात खाटेवर पडून जिला आकाशगंगा म्हणतो तीच. नवख्या खेळाडूला ती ओलांडता येत नसे. मी एकदा सरळ पाण्यात उतरले. पाण्यातून एक लांबलचक ड्रॅगन वर आला, मला वाटलं खातो आता. त्यानं मला कमरेला धरून अलगद परत काठावर ठेवलं. ताई पलीकडून बघत होती. "सासऱ्यांसारखा आहे," तिनं लिहिलं. "रागवत नाही, पण जाऊ देत नाही."

तर आम्ही समोरासमोर उभ्या राहायचो. ती तिकडं उडी मारायची, मी इकडं. खेळात उडी मारायचं एक बटण होतं आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिचा पाला वेचून झाला की ती काठावर यायची, माझे तास संपले की मी. बाहेर रणरणती दुपार आणि खेळात रात्र, वर मोठा चंद्र. त्यातला ससा उखळात औषध कुटत असायचा. ससा आपल्याही चंद्रात आहे, पण आपला नुसताच बसलेला असतो. ताईनं लिहिलं, "यालाही कामाला लावलंय बघ."

या सगळ्याचं इंग्रजी फार वाकडं होतं. कुणीतरी चिनीतून जसं जमेल तसं केलेलं. माझं इंग्रजीही कॉलेजात नव्यानं शिकलेलं, त्यामुळे आमचं दोघांचं जमलं. मी शब्दकोश पिशवीतून घेऊन जायची. दोन्ही काठांवर एकेक म्हातारा बसलेला असायचा, आणि त्याला विचारलं की तो एकच गोष्ट सांगायचा: या नदीच्या एका काठाला कापड विणणारी एक देवकन्या आहे आणि दुसऱ्या काठाला तिचा गुराखी नवरा. देवांनी त्यांना वेगळं केलं. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सप्तमीला, आकाशातले पक्षी एकत्र येतात आणि पंखाला पंख लावून पूल करतात. तेवढा एक दिवस कुणालाही नदी ओलांडता येते.

मी हे ताईला मराठी करून लिहिलं. ती म्हणाली, "त्या दिवशी आपण भेटू."

"भेटू."

"मी काय करीन सांगू? तुझी तलवार हिसकावीन."

आता सातवा महिना कोणता? ताईनं लगेच उत्तर दिलं: वैशाख. तिच्या सासरी भिंतीवर दुकानातून मिळालेलं गुजराती कॅलेंडर होतं, आणि गुजरात्यांचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. तिथून मोजलं की सातवा वैशाख. "आखाजी झाली की चौथ्या दिवशी," तिनं लिहिलं. "आखाजीला यायला जमत नाही तर नाही, चौथ्या दिवशी तरी भेटू."

मी म्हटलं, वेडी का काय? वर्ष पाडव्याला सुरू होतं. चैत्रापासून सातवा अश्विन. मी कॉलेजात शिकते, मला शिकवू नकोस.

"तुला कॉलेजात घातलं कुणी?"

मी लिहिलं, "बरं बाई. दोन्ही दिवस येऊ."

त्या वर्षीची आखाजी आली. मुराळी गेला नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांत मुली आल्या होत्या आणि आमच्या निंबाचा झोका आईनं बांधला खरा, पण त्यावर शेजारच्याच बसल्या. चौथ्या दिवशी मी लालबागला गेले. ताई पलीकडं उभी होती. आम्ही दोघींनी आकाशाकडं तोंड करून पात्रं उभी केली. एक पक्षी नाही. मग सायबरची लाइट गेली. मालक म्हणाला, "दीदी, लाइट का मैं क्या करूं, जनरेटर में डीझल नहीं है," आणि मी जसोंडीला परत आले. संध्याकाळी फोनवर ताईला म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, अश्विन?" ती म्हणाली, "हो."

अश्विनात नवरात्राचा उपास होता. सप्तमीला मी सायबरमध्ये राजगिऱ्याचा लाडू खात त्या काठावर वाट पाहिली. ताईही आली. नदी तशीच. म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा विचारलं, तर तो पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायचा. शेवटी ताईनं लिहिलं, "थांब, भावजी आलेत, विचारते." मग थोड्या वेळानं:

"पूल होऊन गेला."

"कधी?"

"श्रावणात. त्यांचं वर्ष माघात सुरू होतं म्हणे. भावजींनी त्या दिवशीचं बक्षीससुद्धा घेतलंय. मला म्हणतात, वहिनी, तुम्हाला पुलाचं काय करायचं होतं?"

माघापासून मोजलं तर सातवा श्रावण. बरोबर. आणि त्या श्रावणसप्तमीला आम्ही दोघीही खेळात होतो! ताई डोंगरावर पाला वेचत होती. मी लांब, रानडुकरं मारत होते. मला आठवतं, माझ्या पडद्यावरून काळेपांढरे पक्षी थव्यानं गेले होते, आपल्या दयाळासारखे, पण लांब शेपटीचे. मला वाटलं, खेळात पाऊस येणार असेल. मी डुक्कर मारत राहिले. पूल माझ्या डोक्यावरून बांधायला निघाला होता.

आम्ही दोघींनी आपापल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं. तिसऱ्याचीही भिंत असते, ते डोक्यातच आलं नाही.

"मग आता वर्षभर नाही," ताईनं लिहिलं. कोल्हीण काठावर नुसती उभी. त्या खेळात पात्र बराच वेळ हललं नाही की खाली बसतं. ती बसली. मला माहीत होतं, तिकडं ती खुर्चीतच आहे. खुर्चीतून उठली असती तर आधी लिहिलं असतं.

मी लिहिलं, "मी येते. पुढच्या आखाजीला. मुराळी म्हणून."

"पोरी मुराळी होतात का?"

"मी तुझा भाऊ आहे ना इथं?"

"इथं," तिनं लिहिलं.

घरात हा विषय मी परीक्षा संपल्यावर काढला. बाबा केळीच्या घडांवर पाला झाकत होते.

"पोरगी मुराळी जाते का कुठं?"

"पोरगी कॉलेजात जाते का कुठं, असंही म्हणत होते लोक. गेलेच ना मी?"

"ते येगळं."

"काय वेगळं? तुम्ही त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालात. मी कुठं म्हणाले?"

बाबांनी बराच वेळ पाला नीट केला. मग म्हणाले, "मला बसवलं तसं तुला बसवलं तर?"

"तर बसेन. मी जेवेनसुद्धा. मला राग परवडत नाही, मला ताई पाहिजे."

आईनं सांजोऱ्या बांधून दिल्या. बाबांनी घड दिला नाही. पण स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून एक पिशवी आत ढकलली. आत केळ्यांची एकच फणी, सगळी एकसारखी पिकलेली. "ताईसाठी," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी नाही."

भुसावळला गाडी बदलून सुरतेला पोचले. ताईच्या सासूबाई दारात आल्या आणि माझ्यामागं बघत राहिल्या, अजून कुणीतरी येतंय असं वाटून.

"एकटीच? वडील कुठंयत?"

"बाबा आले नाहीत मावशी. मी ताईला न्यायला आले. आखाजीसाठी."

"तू मुराळी?" त्यांना हसू आलं. खरंच हसू आलं, वाईट नव्हतं ते. मिशा नव्हत्या त्यांना. "अगं, घरात भाऊ नाही तर काका-मामा तरी..."

तेवढ्यात आतून दीर आला. मला नीट पाहिलं, आणि एकदम म्हणाला, "अरे! तलवारवाला! वहिनी सांगतात तो, नदीपलीकडचा!" मग आईकडं वळला. "आई, हा वहिनीचा भाऊ आहे. दीड वर्ष काठावर उभा आहे बिचारा. पाठवावं लागेल."

"कुठला काठ? काय बोलतोस?"

"आहे एक काठ. पाठव गं आई. पाला मी वेचीन आठवडाभर."

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. मी मात्र ठरवल्याप्रमाणे जेवले, दोनदा भात घेतला. ताई वाढत होती, आणि माझ्याकडं न बघता वाढत होती, कारण बघितलं असतं तर आम्ही दोघी तिथंच रडलो असतो. जेवणं झाल्यावर सासूबाई सुपारी कातरत बसल्या. त्या म्हणाल्या, "मला लग्नानंतर सात-आठ वर्षं कुणी न्यायला आलं नाही. भाऊ होते ना मला, चांगले तीन." मग ताईला हाक मारली. "सूनबाई, पिशवी भर. तुझा मुराळी शिकलेला आहे, रिकाम्या हातानं जायचा नाही."

परत येताना भुसावळनंतर गाडी तापीच्या पुलावर चढली. ताईनं खिडकीतून हात जोडले, आणि मग माझ्या दंडाला चिमटा काढला. "झाला बघ पूल," ती म्हणाली.

चार दिवस ती झोक्यावर होती. बाबा तिच्याशी फार बोलले नाहीत, पण रोज सकाळी तिच्या उशाशी एक फणी ठेवून जायचे. शेजारणी येऊन मला बघून जायच्या, मुराळी गेलेली पोरगी म्हणून. मला आवडायचं.

मग ताई म्हणाली, "मला तुझं ते लालबाग दाखव."

सायबरवाल्यानं दोघींना शेजारी शेजारी बसवलं. मध्ये प्लायवूड. खेळ उघडला. मी अजून या काठावर होते आणि ताई त्या. आमची कोपरं एकमेकींना लागत होती आणि पडद्यावर नदी होती तशीच होती. श्रावण अजून लांब होता.

ताईनं उडी मारली. मी मारली. मग ती टाइप करू लागली. माझ्या शेजारी बसून, तोंडानं एक शब्द न बोलता. आता तिचा हात बऱ्यापैकी भरभर चालायचा.

"आई मला काही करू देत नाही. पाहुणीसारखं ताट मांडते."

"मजा आहे की," मी लिहिलं.

"सकाळी जाग आली तर हात दाराच्या कडीकडं गेला. तिथल्या कडीकडं. इथं कडी दुसऱ्या बाजूला आहे."

ती लिहितच राहिली.

"दोन वर्षं इथली आठवण काढली. आता इथं आले तर तिथं दूध कोण तापवत असेल असं वाटतं. सासूबाईंचा गुडघा. भावजी पाला वेचतात का. मला काय झालंय गं?"

मी प्लायवूडच्या कडेवरून वाकून पाहिलं. ती पडद्याकडंच बघत होती, ओठ घट्ट मिटून. हे तिला घरी बोलता आलं नसतं. झोक्यावर बसून तर नाहीच. माझ्या तोंडाकडं बघूनही नाही. त्यासाठी मध्ये नदी लागत होती.

त्या खेळात मेलं की पाताळात जावं लागतं. तिथं एका पुलाच्या टोकाशी एक म्हातारी वाटीत सूप घेऊन बसलेली असते. ते प्यायलं की मागचं सगळं विसरायला होतं आणि माणूस पुन्हा नव्यानं सुरू करतो. ताई पहिल्यांदा रानडुकराच्या हातून मेली तेव्हा तिला ती म्हातारी भेटली होती, आणि बाहेर आल्यावर तिनं मला लिहिलं होतं, "हे सूप लग्नात पाजायला पाहिजे. पाठवणीच्या वेळी. रडारडच नको."

आता मी लिहिलं, "तुला पाजलं वाटतं कुणीतरी ते सूप."

ताई एकदम मोठ्यानं हसली. मालकानं काउंटरवरून मान वर केली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि लिहिलं:

"अर्धंच पाजलं."

मग आम्ही दोघी बराच वेळ काठावर बसून राहिलो. पात्रं आपोआप बसली. खोक्यात तिचा पाय माझ्या पायावर होता.

आखाजी संपल्यावर तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. बाबांनी त्याला घड दिला, अख्खा. माझा निकाल लागला. मी पदवीधर झाले, आणि पेढे सुरतेलाही पाठवले.

त्या श्रावणात मी सप्तमी चुकवली नाही. माघापासून मोजून, पुन्हा मोजून, दुपारीच लालबागला जाऊन बसले. पक्षी आले. आधी थोडे, मग आकाश काळंपांढरं होईपर्यंत. पंखाला पंख लागले आणि पूल झाला. देशोदेशीचे खेळाडू दोन्हीकडून धावत सुटले, तलवारवाले, कोल्हिणी, साधू, सगळे. मी पुलाच्या मधोमध जाऊन थांबले. खाली पंख हलत होते. कोल्हिणींच्या काठाकडून कुणीकुणी येत होतं आणि माझ्या अंगावरून जात होतं. ताई आली नाही. दिराला दुसरीकडं नोकरी लागली होती आणि त्यानं कॉम्प्युटर सोबत नेला होता, हे मला नंतर कळलं. पूल पक्ष्यांसकट उडून जाईपर्यंत मी तिथं उभी होते. मग ड्रॅगननं मला उचलून माझ्या काठावर ठेवलं.

संध्याकाळी मी फोन केला. मागं टीव्ही चालू होता, माणसांचे आवाज होते. भरली बैठक.

"आज पूल होता," मी म्हटलं.

"हो."

"मी मधोमध उभी होते."

"हो."

"तुला माहीत होतं आज आहे ते?"

"हो," ती म्हणाली, आणि या वेळी श्वास अडकला तो हसण्यानं नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "बाबांना सांग, पुढच्या आखाजीला मुराळी पाठवा. आणि भाऊच पाठवा बरं का. दुसऱ्या कुणाबरोबर मी येणार नाही."

मागून सासूबाई कुणाला तरी विचारताना ऐकू आल्या, "हिला भाऊ कुठंय?"